मानवी हस्तक्षेप : नाही

मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि माझी स्वतःची मुलगी वनस्पतिशास्त्र शिकायला दुसऱ्याच्या क्लासला जायची. त्या काळच्या लातुरात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. कॉलेजात पोरं हजेरीपुरती यायची, तीही जांभया देत, कारण पहाटेची बॅच उरकून आलेली असायची. भूकंपाला आठेक वर्षं झाली होती. तेव्हा तडकलेल्या भिंती लिंपून झाल्या होत्या आणि त्यांच्यावर आता गुणवत्ता यादीतल्या चष्मेवाल्या पोरांची पोस्टरं डकवलेली होती. पोरांच्या फोटोपेक्षा क्लासच्या मालकाचा फोटो मोठा असे.

मुलीच्या क्लासच्या मालकांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. लातुरात सर पैशाला पासरी होते, पण 'सर' म्हटल्यावर डोळ्यांपुढे यायचे ते हेच. हे सर एका उन्हाळ्यात परदेशी जाऊन आले. तिकडं कुणा जहागीरदारानं म्हणे नांगर बंद करून, मेंढरं हाकलून, सगळी जमीन आपापली जंगल व्हायला सोडून दिली होती. सरांच्या डोक्यात तीच टूम बसली. भूकंपपट्ट्यात त्यांची साठ एकर जमीन होती. तिथलं गाव उठून दोन कोसांवरच्या नव्या वसाहतीत गेलं, तेव्हा जुन्या गावाला लागून असलेले मळे आणि माळ लोकांनी येईल त्या भावात विकले आणि ते सरांनी घेतले. आता त्यांनी तिथं तारेचं कुंपण ओढलं, फाटक बसवलं, वॉचमन ठेवला आणि जाहीर केलं की ही जमीन आपण निसर्गाला परत दिली आहे.

मराठवाड्यात जमीन पडीक कशी पाडावी हे शिकायला कुणाला विमानात बसावं लागत नाही. पण शेतकऱ्याची पडली तर तो आळशी आणि सरांची पडली तर ते दानशूर. माझा तर जन्म अर्धापूरचा, केळीच्या बागांमधला. आमच्याकडं बांधावर चार बोटं जागा मोकळी सोडली तरी म्हातारे लोक शिव्या घालायचे. तरी सरांनी केबिनमध्ये बोलावून हे सगळं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली.

"प्राध्यापकसाहेब," सर म्हणाले, "तिथल्या सगळ्या रानवनस्पतींची यादी करायची. तीनशे तरी भरल्या पाहिजेत."

"तीनशेच का?"

"अडीचशे कमी वाटतात."

मग जिन्यापर्यंत सोडायला आले आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "मुलीची काळजी करू नका. मी स्वतः लक्ष घालतो." पुढच्या सोमवारी मुलगी साध्या बॅचमधून खास बॅचमध्ये गेली. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. मी यादीला लागलो.

आमचा निसर्गप्रेमींचा एक गट होता, रविवारी सकाळी चहा पिऊन निसर्गावर बोलणारा. त्यातले आम्ही तिघं या मोहिमेवर निघालो. एक कृषी खात्यातून निवृत्त झालेले साहेब. त्यांना प्रत्येक वनस्पती ठाऊक होती, पण ती कोणत्या औषधानं मरते एवढ्यापुरतीच. दुसरे हकीमसाहेब. त्यांच्या घराण्याचं जडीबुटीचं दुकान गंजगोलाईजवळ चार पिढ्यांचं. त्यांना पाचशे वनस्पती अंधारात नुसत्या वासावरून ओळखता यायच्या, फक्त त्या वाळलेल्या आणि बरणीत भरलेल्या असायला हव्यात. आणि तिसरा मी. मी वीस वर्षं फळ्यावर फुलांच्या पाकळ्या आणि पुंकेसर मोजत आलो होतो, पण रस्त्याच्या कडेचं एखादं रोपटं दाखवून कुणी नाव विचारलं की मला हटकून घाईचं काम आठवायचं. अशी ही विद्वानांची फौज श्रावणातल्या एका रविवारी क्लासच्या गाडीतून निघाली. गाडीच्या दोन्ही बाजूंना बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो रंगवलेले होते.

काम करायची रीत अशी होती. एक मीटर लांबीरुंदीची सुतळीची चौकट जमिनीवर अंथरायची, तिच्या आत जे जे उगवलंय ते मोजायचं आणि छापील तक्त्यात लिहायचं. तक्ता सरांनी तिकडून आणलेल्या नमुन्यावरून मराठीत करून घेतला होता. चौकटीचा क्रमांक, जाती, उंची आणि शेवटचा रकाना, 'मानवी हस्तक्षेप : आहे / नाही'. चौकट कुठं टाकायची ते आपल्या मर्जीनं ठरवायचं नसतं, नाहीतर माणूस चांगलीच जागा निवडतो. म्हणून साहेब डोळे मिटून, पाठमोरे होऊन पायातली चप्पल डोक्यावरून मागं भिरकावायचे. चप्पल पडेल तिथं चौकट. पीक कापणीचे प्रयोग आपण असेच केले असं ते अभिमानानं सांगत. सरकारी आकडे असे का असतात ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळभर चप्पल कुठंही पडली तरी खाली एकच वनस्पती निघायची, गाजरगवत. त्यालाच लोक काँग्रेस म्हणतात. कमरेएवढं वाढलेलं, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं, दुसऱ्या कशाला श्वास घेऊ न देणारं. चरणारी जनावरं आणि कोळपणारी माणसं हाकलून लावल्यावर तिथं सगळ्यात आधी कोण येऊन बसणार, हे कुणा कुणब्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही. साहेब दर चौकटीला कुठलं तणनाशक किती मारावं ते सांगत होते आणि मी गप्प लिहीत होतो. हकीमसाहेब दमून एका मोकळ्या जागेवर बसले आणि बसल्याबसल्या किंचाळले.

"मास्तरसाहेब, ये क्या बला है? पिवळं फूल हाय, खाली काटे हायेत."

साहेब म्हणाले, "सराटा."

हकीमसाहेबांनी काटा उपटून डोळ्यांपाशी धरला, हुंगला आणि त्यांचा चेहराच पडला. "हे तर गोखरू! चाळीस साल विकतोय मी. असं असतंय व्हय हे?"

दुपारपर्यंत आमची यादी अकरावर अडली होती. तीनशेतले अकरा. मला मुलीच्या खास बॅचची काळजी वाटू लागली, हे मी लपवत नाही.

मग नाल्याकडच्या कोपऱ्यात आलो आणि तिघंही थांबलो. तिथं गुंठा-दीड गुंठा जागा अशी होती की गाजरगवताचं एक रोप नाही. कुर्डू होती, पाथरी होती, चिघळ जमिनीला धरून पसरलेली, मधूनमधून तांदुळजा, कडेनं तरोटा, दगडांच्या ढिगाऱ्यावर चढलेली कपाळफोडी. अर्थात ही नावं मला तेव्हा आली नाहीत. ती सांगितली तिथं वाकून भाजी खुडत असलेल्या बाईनं. पन्नाशीची असेल, दिसत होती साठीची. ओच्यात भाजी, हातात खुरपं.

"काय हुडकायलाव?" तिनं विचारलं.

"झाडंझुडपं मोजतोय, मावशी."

"मोजून?"

साहेबांनी विषय बदलून एका पानाकडं बोट दाखवलं. तिनं नाव सांगितलं. मी दुसरं दाखवलं, तिनं तेही सांगितलं, शिवाय ते केव्हा येतं, कोवळं कुठवर खावं, कशानं पोट ढाळतं, सगळं. माझ्या पेनाला दम मिळेना. हकीमसाहेब एकेक पान चोळून हुंगत होते आणि आपल्या दुकानातल्या बरण्या त्यांना एकेक करून ओळखीच्या होत होत्या. तासाभरात यादी अकरावरून साठाच्या पुढं गेली. ज्या कामासाठी आम्ही टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन आलो होतो ते काम एका अंगठेबहाद्दर बाईनं उभ्याउभ्या करून टाकलं होतं. आम्ही तिला शाबासकी दिल्यासारखं "वा मावशी" म्हणत होतो.

"इथंच एवढी भाजी कशी काय?" मी विचारलं.

"माझं परस हाय हे." तिनं कपाळफोडीच्या ढिगाऱ्याकडं खुरपं केलं. "त्ये घर. मळ्यातलं. सासू अन् माझी पोरगी त्याच्यातच गेल्या. चार वर्साची हुती. म्या पहाटं पान्याला गेल्ते म्हून ऱ्हायले."

ती पुढं बोलत राहिली, भाजी खुडता खुडता. रान दिरानं विकलं, तिला कुणी विचारलं नाही. पण नव्या वसाहतीतून ती दोन कोस चालत आठवड्यातून दोनदा येते. शेंडे खुडायचे, मुळासकट उपटायचं नाही, दर जागी चार झाडं बियाला ठेवायची. आणि काँग्रेस दिसला की फुलायच्या आधी उपटून टाकायचा. बोलताना तिनं हात पुढं केले. मनगटापर्यंत कातडी काळी पडून चिरली होती. त्या गवतानं अशी खाज सुटते हे मला पुस्तकातून माहीत होतं.

"पोरीला चिघळ लई आवडायची," ती म्हणाली. "तव्हापासून इथलं मोडू दिलं न्हाई म्या."

निघताना ती माझ्याकडं वळली. तिघांत मीच तिला बोलण्यासारखा वाटलो असेन. "गुरुजी, तुमी सरांचं मानूस दिसतावं. वॉचमन म्हनतोय, फाटकाला कुलूप लावनार हायेत. तेवढं सांगा की त्यास्नी. मला दुसरं काय नगं. रान त्यांचं. म्या निस्ती येऊन जाते."

"सांगतो मावशी," मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो. शब्द द्यायला काही पैसे पडत नाहीत.

मग त्या जागेत चौकट अंथरायची होती. वारा सुटला होता आणि सुतळी उडत होती. मी तिला म्हटलं, "मावशी, एवढं टोक धरा बरं." ती उकिडवी बसली आणि तिनं त्या चिरलेल्या बोटांनी सुतळीचं टोक जमिनीला दाबून धरलं. मी जाती लिहिल्या, उंची लिहिली, शेवटच्या रकान्याशी आलो आणि 'नाही' वर बरोबरची खूण केली. मानवी हस्तक्षेप, नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मी खोटं लिहिलं असं मला वाटलंच नाही, हीच खरी लाज वाटण्याजोगी गोष्ट. हस्तक्षेप म्हणजे कुऱ्हाड, ट्रॅक्टर, शेळ्यांचा कळप असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. खुरपं घेतलेली म्हातारी त्यात बसत नव्हती. पुस्तकात लिहिलेलं होतं की माणूस नसेल तिथं रान चांगलं असतं. इथं रान चांगलं होतं, म्हणजे माणूस नव्हता. वीस वर्षं पोरांना असंच शिकवलं होतं मी, उत्तर आधी आणि प्रश्न मागून. साहेबांनी फोटो घेताना तिला बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत माणूस नको म्हणून. ती झाली.

पंधरा दिवसांनी सरांच्या गार केबिनमध्ये बैठक झाली. सरांनी कच्चा अहवाल उलटसुलट करून फक्त शेवटचा आकडा बघितला. तो तीनशेच्या पाव पण नव्हता. मग त्यांचं लक्ष नाल्याकडच्या नोंदीकडं गेलं.

"एकट्या या कोपऱ्यात बहुतेक सगळ्या जाती? असं का?"

साहेबांनी माझा तक्ता वाचून दाखवला. "वावर नाही ना तिथं कुणाचा. अगदी मूळचं रान आहे ते."

बोलायची वेळ हीच होती. मी बोललोही. म्हणालो, "तशा एक मावशी येतात तिथं, भाजीला..."

"म्हणजे अतिक्रमण?" सर म्हणाले.

रागावून नाही म्हणाले. नोंद घेतल्यासारखं म्हणाले. मी "तसं नाही" म्हणेपर्यंत त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "तुमच्या मुलीचा परवाचा पेपर मीच बघितला. हुशार आहे. अशीच चालली तर मेडिकल कुठं जात नाही." मी चहा घेतला. चहाबरोबर उरलेलं वाक्यही गिळलं. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून बाप काय काय करतात, त्या मानानं हे काहीच नव्हतं, असं मी स्वतःला जिना उतरेपर्यंत समजावत होतो.

अहवालाचा शेवट मीच लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'मानवी वावर नसल्यामुळे या तुकड्यात मूळ वनस्पती टिकून आहेत. सदर तुकडा पूर्णपणे बंद ठेवण्यात यावा.' आम्ही तिघांनी खाली सह्या केल्या. हकीमसाहेबांनी उर्दूत, झोकात. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मास्तरसाहेब, उस बाई का क्या?" मी म्हणालो, बघू. त्यानंतर ते रविवारच्या चहाला यायचे बंद झाले.

महिन्याभरात फाटकाला कुलूप लागलं. फाटकावर ही मोठी पाटी आली. वर सरांचा फोटो, खाली रानभाज्यांचे फोटो ओळीनं, अगदी गुणवत्ता यादीसारखे, आणि त्याखाली माझ्याच अहवालातून काढलेली ओळ. 'मानवी हस्तक्षेपापासून मुक्त क्षेत्र.' सरांनी पाटीच्या उद्घाटनाला नारळ फोडला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

पुढच्या श्रावणात सरांकडं परगावचे पाहुणे येणार होते, त्यांना तो कोपरा दाखवायचा होता. आधी एकदा बघून या म्हणून त्यांनी साहेबांना आणि मला पाठवलं. वॉचमननं कुलूप काढलं. नाल्याकडं गेलो तर कोपरा सापडेना. साठ एकरभर एकसारखं पांढरं फुललेलं गाजरगवत, आणि त्यात ढिगारासुद्धा बुडालेला. मी हातांनी गवत बाजूला सारत बुडाशी बघितलं. चिघळीचा एक तंतू नव्हता. वर्षभर कुणी उपटणारं नव्हतं, दुसरं काय होणार? साहेबांनी चप्पल भिरकावली नाही, एवढी अक्कल त्यांना होती.

"कारण काय लिहायचं?" संध्याकाळी सरांनी विचारलं.

"पाऊसमान," साहेब म्हणाले.

मला राग आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही, पण आला, आणि मी सगळं सांगून टाकलं. ते मूळचं रान नव्हतं, एका बाईचं परस होतं. ती उपटत होती म्हणून तिथं उगवत होतं. आपण तिलाच बाहेर काढलं. सर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत.

"मग हे आधी नाही का सांगायचं, प्राध्यापकसाहेब? बोलवा तिला. ओळखपत्र करून देऊ, गणवेश देऊ. रोजंदारीवर घेऊ."

वरातीमागून घोडं घेऊन मी दुसऱ्या दिवशी नव्या वसाहतीत गेलो. सिमेंटची एकसारखी घरं, गल्ल्यांना नंबर, दारापुढं मुरूम. विचारत विचारत तिचं घर सापडलं. ती उंबऱ्यात बसून बाजारची मेथी निवडत होती. मला बघून तिनं आत हाक दिली, सून पाणी घेऊन आली. मी सरांचा निरोप सांगितला. आता कुलूप नाही, केव्हाही या, कार्ड दाखवलं की वॉचमन सोडेल. सांगताना माझ्याच आवाजात मला एक उपकार केल्याचा सूर ऐकू येत होता आणि तो थांबवता येत नव्हता.

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "काय हाय आता तिथं?"

"काँग्रेस," मी म्हणालो.

"परसात बी?"

"हो. सगळीकडं."

तिनं दारापुढच्या मुरमाकडं बघितलं. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी धीराचं बोलता आलं असतं.

"त्या पाटीवर लिवलंय म्हनं," ती म्हणाली, "की हितं मानूस येत न्हाई. वॉचमननं वाचून दाखवलं. त्ये तुमीच लिवलंय म्हनं, गुरुजी."

मी पाण्याचा तांब्या हातात घेतला.

"सुतळी धरली तव्हा म्या कोन हुते?"

तिनं जुडी पुन्हा हातात घेतली आणि मेथी निवडू लागली. सून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत उभी होती. मी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला आणि उठलो. ती वर बघेल म्हणून जरा थांबलो. तिनं बघितलं नाही.

लातूरला येऊन मी सरांना सांगितलं की बाई तयार नाही. ते उत्तरपत्रिका तपासत होते. वर न बघता म्हणाले, "मग दुसरी बघा. त्या गावात बायांना काय तोटा?"

मुलीची बारावीची परीक्षा सहा महिन्यांवर होती. मी म्हणालो, बघतो.